ड्रम ब्लेंडर कोणता घ्यायचा अन कसा चालवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत ब्लेंडर (कारखान्यात सुका माल मिसळायची मशीन) बनवायच्या अन दुरुस्तीच्या कामात मी बरीच वर्षं आहो. मसालावाले, पशुखाद्यवाले, चिवडावाले, सगळ्यांचे तेच ते प्रश्न व्हॉट्सॲपवर येत राहतात, कधी रात्री अकरा वाजता पण, म्हणून एकदाच बसून लिहून टाकले. आपला प्रश्न शोधा, बाकी सोडून द्या. एकच गोष्ट आधी सांगतो, मशीन पाहायला जाल तर आपल्या मालाचं एक पोतं गाडीत टाकूनच जा. दुसऱ्याच्या मालावरचा डेमो पाहून घेतलेलं मशीन आपल्या मालावर कसं चालेल हे देवालाच माहीत.

१. ड्रम ब्लेंडर म्हणजे नेमकं काय भाऊ? रिबन अन व्ही ब्लेंडरपेक्षा वेगळं काय?

ड्रम ब्लेंडरमध्ये पूर्ण ड्रमच फिरतो. माल भिंतीसोबत वर चढतो, वरून घसरून खाली येतो, आतमध्ये वेल्डिंग केलेल्या पट्ट्या असतात त्या त्याला उचलतात अन पलटवतात. रिबनमध्ये भांडं जागेवर उभं असते अन आतली पट्टी शाफ्टवर फिरून माल ढवळते. व्ही अन डबल कोन हे ड्रमचेच चुलतभाऊ, फक्त आकार वेगळा, त्यांच्यात आतल्या पट्ट्या बहुतेक नसतात.

ड्रमचा मोठा फायदा म्हणजे मालाच्या आत शाफ्टही नाही अन शाफ्टचं सीलही नाही, त्यामुळं ग्रीस गळून मालात जायची भीती कमी. माल तुटत पण नाही. तोटा म्हणजे गठोळ्या तो फोडत नाही, त्या आधीच चाळून घ्या.

२. माझ्या मालाला ड्रम चालेल का रिबनच घ्यावा लागेल?

मूठभर माल घ्या, दाबा, मूठ उघडा. भुरभुर सांडला तर ड्रम बिनधास्त चालेल. लाडू बनला अन तसाच राहिला तर ड्रममध्ये तो गोळा घेऊन गोल गोल फिरत राहील, तिथं रिबन नाहीतर पॅडल (शाफ्टवर वल्ह्यासारखी पाती असलेला) पाहा. लाडू बनला पण बोट लावताच फुटला तर मग ट्रायलशिवाय कोणी छातीठोक सांगू शकत नाही, अन जो सांगते त्याच्यापासून जरा जपूनच राहा.

चिवडा, फ्लेक्स, शेव, चिप्सवर मसाला चढवणं, प्लॅस्टिकच्या दाण्यात रंगाचा मास्टरबॅच (गडद रंगाचे दाणे) टाकणं, दाणेदार खत, हे सगळं ड्रमचं काम. रिबनमध्ये पोहे टाकले तर भुगाच निघेल. कणिक, पेस्ट, ओला माल ड्रममध्ये टाकू नका.

३. रोज ५०० किलो मसाला काढायचा आहे, किती लिटरचा घेऊ?

सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते, म्हणून हिशोब नीट समजून घ्या. आधी आपल्या मालाची घनता काढा. एक लिटरचं माप घ्या, दुधाचं चालते, त्यात मसाला सैल भरा, ठोकायचं नाही, पट्टीनं वरून सपाट करा अन वजन करा. मिरची पावडर, धना पावडर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम भरते, मीठ ११००-१२०० च्या आसपास जाते.

आता समजा तुमचा मसाला ४५० ग्रॅम निघाला अन १०० किलोची बॅच करायची आहे. १०० भागिले ०.४५ म्हणजे २२२ लिटर माल. ड्रम ५० ते ६० टक्केच भरायचा असतो, वर रिकामी जागा नसली तर माल पलटणार कुठं? तर २२२ भागिले ०.६ म्हणजे ३७०, म्हणजे ४०० लिटरचा ड्रम. भरणं, फिरवणं, काढणं मिळून एका बॅचला ३५-४० मिनिटं धरा, पाच बॅच साडेतीन तासांत होतात. ५०० किलो एकाच बॅचमध्ये काढायचा हट्ट कशाला.

विकणारा "५०० लिटर" म्हणते तेव्हा ग्रॉस (पूर्ण ड्रमचं माप) का वर्किंग (खरंच भरता येईल तेवढं) हे विचारा अन कोटेशनवर लिहून घ्या. ग्रॉस ५०० म्हणजे कामाचे ३०० च. अन त्या ३०० लिटरमध्ये मसाला १३५ किलो जाईल पण मीठ ३५० च्या आसपास जाईल, तर उद्या काळं मीठ, चाट मसाला करायचा विचार असेल तर मोटर, गिअरबॉक्स अन स्टँड त्या वजनाचे मागा.

४. किती वेळ फिरवायचं? आमचा माणूस तर म्हणते जितकं जास्त फिरवाल तितकं चांगलं.

तुमच्या माणसाला चहा पाजा पण त्याचं ऐकू नका. सुक्या भुकटीला बहुतेक वेळा १० ते १५ मिनिटं पुरतात. त्याच्यानंतर जाड दाणा अन बारीक भुकटी असा माल असला तर तो पुन्हा वेगळा व्हायला लागते, बारीक कण जाड दाण्यांच्या फटीतून झिरपत आत जातात अन ड्रमच्या पोटात बारक्या मालाची एक गाभ्यासारखी वळी तयार होते. एकसारख्या बारीक मालाला हा त्रास कमी. पण त्यालाही जास्त फिरवून काही मिळत नाही, वीज जाते अन माल गरम होते.

आपली वेळ आपणच काढायची. ५, १०, १५, २० मिनिटांना मशीन थांबवून नमुने काढा (कसे ते प्रश्न ८ मध्ये) अन जिथं सुधारणा थांबली ती आपली वेळ. ती मिनिटांत नाही तर फेऱ्यांत लिहून ठेवा. २० आरपीएमवर (मिनिटाला २० फेऱ्या) १० मिनिटं म्हणजे २०० फेऱ्या, तेच १२ आरपीएमच्या ड्रमवर करायला साडेसोळा मिनिटांच्या वर लागतील. मोठं मशीन घेतल्यावर "जुन्यात तर १० मिनिटांत होत होतं" म्हणून जे फोन येतात त्यातले अर्धे या हिशोबात बसतात.

५. आरपीएम किती ठेवायचा? वाढवला तर लवकर होईल का?

एका हद्दीपर्यंत. स्पीड फार वाढला की माल भिंतीला चिकटून ड्रमसोबतच फिरते, खाली पडतच नाही, मेळ्यातल्या मौत का कुआँमधल्या मोटरसायकलसारखा. हा स्पीड काढायचं सूत्र सोपं आहे, ४२.३ ला ड्रमच्या व्यासाच्या (मीटरमध्ये) वर्गमुळानं भागा. १ मीटरचा ड्रम असेल तर ४२ आरपीएम, दीड मीटरचा असेल तर ३४-३५. काम याच्या निम्म्याच्या आतच करायचं, म्हणजे १ मीटरच्या ड्रमला १५ ते २० ठीक. चिवड्यासारख्या नाजूक मालाला अजून कमी. व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करायचा ड्राइव्ह) लावून घ्या, पैसे वसूल होतात.

६. भरायचा क्रम काही असते का? अन हिंग, रंग, प्रिझर्व्हेटिव्ह असं चिमूटभर कधी टाकायचं?

क्रम असते, अन तो पाळला नाही तर मशीन कितीही महागडं घ्या. ड्रम वरून खाली लवकर मिसळवते पण या टोकापासून त्या टोकापर्यंत माल न्यायला त्याला खूप वेळ लागते. म्हणून सगळं मीठ एका तोंडाशी अन सगळी मिरची दुसऱ्या तोंडाशी असं ओतू नका, थरावर थर भरा, अर्धा मुख्य माल, त्याच्यावर बाकीचे, वरून उरलेला अर्धा. आतल्या पट्ट्या तिरप्या असतील तर आडवं मिसळणं बरं होते, मशीन घेतानाच हे विचारून घ्या.

चिमूटभर गोष्टी थेट ड्रममध्ये कधीच नाही. १०० किलोत १०० ग्रॅम हिंग टाकायचा असेल तर दुप्पट-दुप्पट करत जा. १०० ग्रॅम हिंगात १०० ग्रॅम धना पावडर, घमेल्यात हातानं एकजीव करा, मग त्यात २०० ग्रॅम, मग ४००, मग ८००, मग १.६ किलो. असं पाच वेळा केलं की ३.२ किलो प्रीमिक्स होते, ते थरांच्या मधे टाका. सावजी मसाल्यात दगडफूल हलकं अन फुगीर असते, ते बाकीच्या मालाइतकंच बारीक दळून घ्या, नाहीतर वर तरंगत राहते.

७. ड्रममधून काढतो तेव्हा चांगलं दिसते, पण शेवटच्या पोत्यात मीठ जास्त निघते. मशीन खराब आहे का?

बहुतेक नाही. मी स्वतः या फेऱ्यात अडकलो होतो. कळमेश्वर रोडच्या एका मसालावाल्याकडे मीच बनवलेला ड्रम होता, त्यांचा फोन आला की शेवटची पाकिटं खारट लागून राहिली, गिऱ्हाईक परत करून राहिले. मी तीनदा गेलो, ड्रम उघडला, पट्ट्या वाढवल्या, अँगल बदलला. तेच. चौथ्या खेपेला त्यांच्या मावशी, ज्या पॅकिंगवर बसत होत्या, त्यांनीच दाखवलं. ड्रममधून माल आठ फुटांच्या पाइपनं खालच्या हॉपरमध्ये (नरसाळ्यासारख्या टाकीत) पडत होता, मध्यभागी ढीग बनत होता, अन जाड मीठ त्या ढिगावरून गडगडत कडेला जाऊन बसत होतं. हॉपर मधून आधी रिकामं व्हायचं, कडेचं मीठ शेवटी खाली यायचं. माझा ड्रम बिचारा पहिल्या दिवसापासून बरोबरच होता, माझेच तीन दिवस गेले.

उपाय दोन. एक म्हणजे पाडाची उंची कमी करा, शक्य असेल तर ड्रमखालीच पोतं लावा. दुसरा, मीठ मसाल्याइतकं बारीक घ्या. ६० मेशची (मेश म्हणजे चाळणीचा नंबर, जितका मोठा तितका माल बारीक) मसाला पावडर म्हणजे साधारण २५० मायक्रॉन, अन ३० मेशचं मीठ ६०० मायक्रॉनच्या आसपास, इतका फरक असला की संधी मिळेल तिथं ते वेगळं होणारच. ऑटोवरून खडखडत इतवारीत पोचवताना सुद्धा होते.

८. मिक्स झालं हे ओळखायचं कसं? रंग एकसारखा दिसला म्हणजे झालं ना?

नाही. हळद मिरचीचा रंग इतका पक्का की पाच मिनिटांत सगळं एकसारखं दिसते. दहा नमुने काढा, दोन्ही टोकं, मधे, वर, खाली, अन रिकामं करताना पहिल्या अन शेवटच्या पोत्यातून. हातानं वरून उचलू नका, सॅम्पलिंगची नळी मिळते, ती खोलवर खुपसून माल काढते.

लॅबमध्ये पाठवायचं नसेल तर मीठ असलेल्या मसाल्यासाठी एक स्वस्त जुगाड आहे. प्रत्येक नमुन्यातून बरोबर ५ ग्रॅम तोला, सोनाराकडं असते तसा छोटा काटा पाहिजे, १ लिटर आरओच्या पाण्यात घोळा, दहा मिनिटं बसू द्या अन वरच्या पाण्यात टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळले ते दाखवते) बुडवा. मसाल्याचं स्वतःचंही थोडं येते पण फरक मिठाचाच दिसते. आता दहा आकड्यांची सरासरी अन स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती इकडं-तिकडं आहेत ते) काढा, मोबाइलच्या एक्सेलमध्ये निघते. सरासरी ५२० अन डेव्हिएशन २१ आलं तर २१ भागिले ५२०, म्हणजे ४ टक्के. ५ च्या आत असलं तर मसाल्याला छान, पशुखाद्यात १० पर्यंत चालवून घेतात. मीठच नसेल मसाल्यात, तर मात्र लॅबच.

९. मसाल्याला तेल चोळायचं असते, ते ड्रममध्ये होईल का?

होते, २-३ टक्क्यांपर्यंत. पण मग्यानं ओतू नका, जिथं पडलं तिथं लाडू. आधी चार-पाच मिनिटं सुकं फिरवा, मग फिरत्या ड्रममध्ये नोझलनं बारीक फवारा मारा, पडत्या मालावर, भिंतीवर नाही. नोझल बसवायला न फिरणारं तोंड लागते, ते नसेल तर आपल्या फॅब्रिकेटरला विचारा. त्यानंतर अजून पाच मिनिटं. तरी गठोळ्या आल्या तर काढताना जाळीतून काढा.

१०. पावसाळ्यात काहून गठोळ्या होऊन राहिल्या? उन्हाळ्यात तर काहीच नव्हतं.

मिठामुळं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढायला लागते, अन आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी त्याच्या वरच असते. मे महिन्यात ४५ डिग्रीच्या कोरड्या भट्टीत तेच मीठ रेतीसारखं वाहते. तर पावसाळ्यात मिठाची गोणी आदल्या रात्री उघडून ठेवू नका, बॅच दुपारी करा, झाली की तासाभरात सील करा. ड्रमचं झाकण रात्री लावूनच ठेवा, सकाळी आत हात लावून पाहा, ओलसर लागला तर फडक्यानं पुसून कोरडा झाल्यावरच माल टाका.

११. एसएस ३०४ घेऊ, ३१६ घेऊ का एमएस चालेल?

एमएस म्हणजे साधं लोखंड, एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, ३०४ अन ३१६ हे त्याचे ग्रेड. खायच्या मालाला एमएस नको. सुक्या मसाल्याला ३०४ पुरते. जास्त मीठ अन सोबत ओलावा, लोणच्याचा मसाला, आमचूर, सायट्रिक ॲसिड असं असेल तर ३१६ चा खर्च करा, नाहीतर वेल्डिंगच्या जोडाजवळ बारीक खड्डे पडतात. खरं म्हणजे मी ग्रेडपेक्षा आतलं वेल्डिंग जास्त पाहतो. बोट फिरवा, जोड बोटाला लागला तर तिथं माल अडकणार, ग्राइंड करून बफिंग करायला लावा. खत, फ्लाय ॲश, विटांचा माल याला एमएसच, पण जाड पत्रा घ्या, घासून जाते.

१२. घरी काँक्रीट मिक्सर पडून आहे, त्यात जनावरांचं खाद्य मिसळू का?

१०/७ चा मिक्सर म्हणजे १० घनफूट सुका माल, २८० लिटरच्या आसपास. स्वतःच्या गाईम्हशींसाठी भुसा-ढेप मिसळायला, नवा असेल अन सिमेंट कधीच गेलं नसेल तर चालवून घ्या. सिमेंट लागलेला नको. विकायचा माल असेल तर अजिबात नको, अन माणसाच्या खाण्याला तर विचारूच नका.

१३. आमच्याकडं सिंगल फेजच आहे. चालेल का?

सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारी व्हीएफडी ३ एचपीपर्यंत सहज मिळते. १००-२०० लिटरच्या ड्रमला तेवढं भागते. ५०० लिटरला ३ ते ५ एचपी लागते, तिथं महावितरणकडं थ्री फेजचा अर्ज करा.

१४. बॅच चालू असताना लाइट गेली तर माल फेकायचा का?

फेकू नका. किती फेऱ्या झाल्या ते माहीत असलं (प्रश्न ४) तर उरलेल्या पूर्ण करा. पण भरलेला ड्रम एकदम पूर्ण स्पीडवर सुरू करू नका, बसलेला माल जड पडते, मोटर ट्रिप होते. हळू चालू करा, व्हीएफडी असली तर ते आपोआप होते. अन लाइट आली की मशीन स्वतःहून सुरू होईल अशी वायरिंग कधीच ठेवू नका, कारण पुढच्या प्रश्नात.

१५. सेफ्टीसाठी काय काय लावायचं? छोटंच युनिट आहे आमचं.

ड्रम हळू फिरते म्हणून लोक त्याला घाबरत नाहीत, हीच अडचण. दोनशे-तीनशे किलोचा ड्रम १५ आरपीएमवर सुद्धा हाताला थांबत नाही. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, त्याच्या दाराला लिमिट स्विच, दार उघडलं की मशीन बंद. चेनवर गार्ड. आत हात घालायचा असेल तर आधी आयसोलेटर (मशीनचा मेन स्विच) बंद, त्याला कुलूप, अन चावी ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सगळेच डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून येतात, मशीनजवळ तो काढून ठेवायचा, टोकं लोंबत असतील तर चेन त्याला ओढते.

धूळ पण लक्षात ठेवा. हळद, मिरची, मैदा, पिठीसाखर यांची धूळ हवेत दाट झाली अन ठिणगी पडली तर पेटते. अर्थिंग चांगलं ठेवा, भरताना सक्शन लावा, शेडमध्ये बिडी नाही. सॉल्व्हंट (थिनरसारखं पेट घेणारं द्रव) असलेला माल साध्या ड्रममध्ये कधीच नको.

१६. एका मसाल्यावरून दुसऱ्यावर जाताना दरवेळी धुवावं लागते का?

दरवेळी नाही. दिवसाचा क्रम असा लावा की फिका आधी, तिखट शेवटी: धना, मग गोडा, मग मिरचीचे. मधे ब्रश अन व्हॅक्यूमनं सुकं साफ करा. मोहरी, शेंगदाणा, तीळ असलेल्या मालानंतर मात्र पूर्ण धुणं, काही लोकांना त्यांची ॲलर्जी असते. धुतलं तर पूर्ण वाळू द्या, गॅस्केट (झाकणाचं रबर) काढून त्याची खाच पुसा, बुरशी तिथूनच लागते. गॅस्केट वायगावच्या हळदीनं पिवळं झालं तर घासत बसू नका, ते पिवळंच राहणार, फाटलं तरच बदला.

१७. जुना ड्रम स्वस्तात मिळून राहिला, घेऊ का?

पहिला प्रश्न, आधी त्यात काय फिरत होतं? कीटकनाशक, रंग, केमिकल असं काही असेल तर खायच्या मालासाठी फुकटातही नको. विकणारा सांगत नसेल तर आत टॉर्च मारून जोडांच्या खाचा पाहा, वास घ्या. मग रिकामा फिरवा अन बाहेरच्या रिंगकडं पाहा, ती डोलत असेल तर रोलर अन बेअरिंग गेले समजा. भरून फिरवून दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.

१८. त्याच ड्रममध्ये युरिया अन सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून शेतकऱ्यांना विकू का?

दोन अडचणी आहेत. युरिया अन सुपर फॉस्फेट एकत्र आले की आतलं पाणी सुटते अन माल चिखलासारखा होते, ड्रमचा यात काही दोष नाही, तुम्ही कितीही छान मिसळा. स्वतःच्या शेतात टाकायचं तर तेवढ्यापुरतं मिसळून लगेच फेका, साठवू नका. विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणं मिश्र खत बनवायचं प्रमाणपत्र लागते, ते आधी काढा अन कोणतं खत कोणासोबत चालते हे कृषी विभागात विचारून घ्या. अन ज्या ड्रममध्ये खत फिरलं त्याच्यावर पेंटनं मोठ्ठं "खत" लिहून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी तो विकायला काढाल तेव्हा प्रश्न १७ वाचून आलेल्या माणसाला कळेल.